गुलाबावरील फांदीमर : फवारणीआधी फांदी चिरून पाहा

दसरा जवळ आला की अहमदपूर भागातील गुलाब उत्पादकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. गुलाबाच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडून खाली वाळत येतात, त्यावर कोणते औषध मारावे? विचारणाऱ्यांमध्ये पाच-दहा गुंठ्यांत ग्लॅडिएटर लावून सुटी फुले लातूर किंवा नांदेडच्या बाजारात पाठविणारे शेतकरी बंधू असतात, तशाच दारापुढील चार झाडे जिवापाड जपणाऱ्या भगिनीही असतात. दिवाळी आणि त्यानंतरची लग्नसराई हा फुलांना दर मिळण्याचा काळ. झाडे वाळण्याची तक्रारही नेमकी त्याच सुमारास सुरू होते. त्यामुळे शेतकरी घाईला येतो आणि दुकानातून मिळेल ते बुरशीनाशक आणून फवारतो.

या तक्रारीला डायबॅक हे नाव आता सर्वत्र रुळले आहे. आपण तिला फांदीमर म्हणू. फांदीमर हा करपा किंवा भुरी यांच्यासारखा एकाच कारणाने होणारा रोग नाही, ही गोष्ट सुरुवातीसच लक्षात घ्यावी. ताप आला म्हणजे शरीरात काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते. तापाचे कारण मलेरिया असेल, टायफॉईड असेल किंवा नुसती पिकलेली जखमही असेल. फांदीमरीचेही तसेच आहे. शेवटी फांदीत बुरशी सापडते हे खरे, परंतु ती बुरशी बहुतेक वेळा जखमेतून किंवा दुबळ्या झालेल्या झाडातच शिरते. जखम कोणी केली आणि झाड कशाने दुबळे झाले, हे शोधल्याशिवाय केलेल्या फवारणीचा खर्च वाया जातो. हे मी पुस्तकावरून सांगत नाही. या बाबतीत माझ्याकडून एक मोठी चूक झालेली आहे, ती आधी सांगतो.

एक अनुभव

२०१६ हे वर्ष लातूर जिल्ह्यातील शेतकरी विसरणार नाहीत. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा उन्हाळ्यात ज्यांनी हंड्या-कळशीने पाणी घालून गुलाब जगविला, त्यांच्या बागांवर सप्टेंबरअखेर मुसळधार पाऊस कोसळला. मी तेव्हा नुकताच शिकविण्याच्या नोकरीस लागलो होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अहमदपूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंचा दूरध्वनी आला. दहा गुंठ्यांत मीटर-मीटर अंतरावर सुमारे एक हजार झाडे, छाटणी नुकतीच झालेली, आणि फांद्या छाटलेल्या टोकापासून काळ्या पडत चाललेल्या. लक्षणे ऐकून मी जागेवरूनच कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम १० लिटर पाण्यातून दहा दिवसांच्या अंतराने फवारण्यास सांगितले. प्लॉट पाहण्यास गेलो नाही. त्यांनी दोन फवारण्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दूरध्वनी आला तेव्हा मात्र गेलो.

प्लॉटवर पोचल्यानंतर कारण कळण्यास फार वेळ लागला नाही. प्लॉट नाल्याच्या बांधाखाली सपाट जागेत होता आणि पाणी बाहेर काढणारा एकही चर नव्हता. झाडाशेजारी हातभर खणले तर खाली चिखल आणि कुजका वास. पांढऱ्या तंतुमुळ्या जवळजवळ नव्हत्याच. जाड मुळी बोटांत धरून ओढली की तिची साल म्यानासारखी निघून हातात येई. त्यातच पावसाची दोन दिवसांची उघडीप पाहून छाटणी विळ्याने उरकलेली होती. टोके चेचलेली होती आणि डोळ्याच्या वर चार-चार बोटे खुंट राहिले होते. बुरशी लाकडात होती, मुळे पाण्यात गुदमरत होती आणि माझे औषध मात्र फांदीच्या सालीवर बसले होते. त्या प्लॉटमधील तीनशेच्या वर झाडे गेली. त्या फुलांवर घरातील मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च चालत होता. ते बंधू रागावले नाहीत. "सर, औषध वरून मारलं, दुखणं तर खालीच होतं," एवढेच म्हणाले.

तेव्हापासून फांदी चिरून आणि माती उकरून पाहिल्याशिवाय मी कोणालाही औषधाचे नाव सांगत नाही. शेतकरी बंधूंना ही तपासणी स्वतः करता येते. तिला धारदार चाकू, खुरपे आणि शक्य असल्यास शाळेतल्या मुलांचे भिंग एवढेच साहित्य लागते.

वाळण्याची दिशा पाहावी

सर्वप्रथम झाडापासून चार पावले दूर उभे राहून झाड कोणत्या बाजूने वाळते आहे ते पाहावे. शेंड्याकडून किंवा छाटलेल्या टोकाकडून खाली, हळूहळू, एखाद-दुसरी फांदी वाळत असेल तर कारण बहुधा त्या टोकाच्या जखमेत असते. एकच फांदी पानांसह एकाएकी माना टाकून वाळली असेल तर तिच्या बुडाशी पाहावे. तेथे सालीवर खोलगट तपकिरी चट्टा फांदीभोवती फिरलेला असतो किंवा खोड पोखरणाऱ्या अळीचे भोक आणि भुसा आढळतो. आणि सर्व फांद्यांचे शेंडे एकाच वेळी सुकत असतील, पाने पिवळी पडून गळत असतील, तर फांद्यांकडे पाहत बसू नये. सरळ खुरपे घेऊन मुळाकडे जावे.

यानंतर नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे, ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर तेवढा भाग मेला आहे. मेलेल्या व जिवंत भागाची सीमा पुष्कळदा सालीवरही दिसते. तेथे जांभळट किंवा गडद तपकिरी पट्टा असतो. मेलेल्या भागावर टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके उठलेले दिसले तर ती बुरशीची बीजफळे होत. पावसाने किंवा दवाने ती भिजली की त्यातून बीजाणू बाहेर पडतात आणि पाण्याच्या थेंबांबरोबर शेजारच्या जखमांवर जातात.

खरी माहिती मात्र फांदीच्या आत असते. वाळलेल्या टोकापासून दोन-दोन बोटे खाली कापत यावे आणि प्रत्येक काप नीट पाहावा. निरोगी फांदीचा गाभा पांढरा किंवा फिकट हिरवट असतो. फांदीमर झालेल्या फांदीत गाभा व त्याभोवतीचे लाकूड तपकिरी असते. कित्येक वेळा बाहेरून साल हिरवी असूनही आतील तपकिरी रेघ चार-सहा बोटे खाली उतरलेली आढळते. बाहेरची साल पाहून छाटणाऱ्याची येथेच फसगत होते. तो काळा भाग कापतो, खाली हिरवी साल पाहून थांबतो, आणि आठ दिवसांत तीच फांदी पुन्हा काळी पडू लागते. मग औषध लागू पडले नाही असे वाटते. वास्तविक रोगाची मुळी त्याने आतच ठेवलेली असते.

गाभ्यात पोकळ नळी दिसली तर ते काम किडीचे. काही लहान काळ्या गांधीलमाश्या गुलाबाच्या छाटलेल्या टोकातून मऊ गाभा कोरून आत घरटे करतात. त्या झाड खात नाहीत, पण पावसाचे पाणी आणि बुरशी आत जाण्यास वाट करून देतात. गाभा पांढरा स्वच्छ आहे, परंतु सालीवर फक्त पश्चिमेच्या बाजूने तपकिरी, फाटलेले चट्टे आहेत, असे एप्रिल-मे मध्ये दिसले तर तो उन्हाचा भाजका असतो. पानगळ झालेल्या फांद्यांना तो अधिक होतो.

बुरशीबद्दल खात्री करावयाची असल्यास जिवंत व मेलेल्या भागाच्या सीमेवरील बोटभर तुकडा ओल्या कापसासह पॉलिथीनच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस सावलीत ठेवावा. काळे ठिपके किंवा राखाडी-काळी वाढ दिसून येते. तुकडा सीमेवरचाच घ्यावा. पूर्ण वाळलेल्या काटकीवर कोणतीही बुरशी वाढू शकते, तिच्यावरून निदान होत नाही.

येथे एक गोष्ट घाबरणाऱ्यांसाठी. फूल कापल्यानंतर देठाचा जो थोडा भाग पानाच्या वर शिल्लक राहतो, तो वाळतोच. तो पहिल्या सशक्त डोळ्यापाशी येऊन थांबला तर तो रोग नव्हे. डोळा ओलांडून काळेपणा खाली उतरला तरच फांदीमर समजावी.

बुरशी येते कोठून?

गुलाबाच्या फांदीमरीत डिप्लोडिया रोझॅरम ही बुरशी प्रामुख्याने सांगितली जाते. त्याखेरीज कोलेटोट्रायकम, कोनिओथायरियम आणि लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी याही बुरशी फांद्यांवर आढळतात. शेवटच्या बुरशीचे जुने नाव बॉट्रिओडिप्लोडिया. हीच बुरशी आंब्याच्या फांद्याही शेंड्याकडून वाळविते. म्हणून गुलाबाच्या प्लॉटच्या बांधावर वाळक्या फांद्यांचे जुने आंब्याचे झाड असेल तर त्याचीही साफसफाई करावी.

आपल्या भागात याहून मोठे घर आपणच बांधून ठेवतो. छाटणीच्या काटेरी फांद्या शेळ्या-गुरांना आडोसा म्हणून प्लॉटच्या कडेनेच कुंपणासारख्या रचल्या जातात. काटे आहेत, उपयोग होतो, हे खरे. परंतु त्या वाळक्या फांद्यांवर बीजफळे पुढील पावसाळ्यापर्यंत टिकतात आणि पहिल्याच सरीत बीजाणू बागेत उडतात. छाटलेल्या रोगट फांद्या त्याच दिवशी गोळा करून जाळाव्यात किंवा बागेपासून दूर खोल पुरून टाकाव्यात. कुंपणासाठी बोरी-बाभळीच्या फांद्या वापराव्यात.

वर्षभर होणाऱ्या जखमा

छाटणी वर्षातून एकदा-दोनदा होते. चार-पाच फांद्या राखल्या तर झाडाला तेवढ्याच मोठ्या जखमा होतात. फुलांची तोडणी मात्र वर्षभर चालते, आणि तिच्याकडे कोणी जखम म्हणून पाहत नाही. एका झाडाची वर्षाला ५० फुले धरली तर हजार झाडांच्या प्लॉटमध्ये ५० हजार जखमा झाल्या. हाराची सुटी फुले पहाटे घाईने, हाताने पिरगळून तोडतात. देठ तुटण्याऐवजी सोलला जातो, साल खाली ओढली जाते आणि बिनपानाचा खुंट उरतो. कोरड्या हवेत हा खुंट पहिल्या पानापर्यंत वाळून थांबतो. पावसाळ्यात पहाटेच्या ओल्या झाडावर हेच केले तर बुरशीला वेगळे आमंत्रण लागत नाही.

माझ्या पाहण्यात, ज्या प्लॉटमध्ये फुले तोडणाऱ्यांच्या हातात सिकेटर किंवा धारदार लहान कात्री आहे, तेथे फांदीमर स्पष्टपणे कमी दिसते. कात्रीने फूल कापताना पाच पर्णिकांच्या पानाच्या किंचित वर काप घ्यावा. सुटी फुले तोडताना एवढा देठ खाली ठेवायचा नसेल तर निदान फुलाची मान स्वच्छ कापावी आणि आठवड्यातून एकदा बागेतून फिरून उरलेले खुंट पानापर्यंत काढून टाकावेत. हे काम मजुरीचे आहे, त्यामुळे ते टाळले जाते. तोडणी रोजंदारीवर न देता फुलांच्या वजनावर दिली की घाई वाढते आणि साल सोलली जाते, हेही मालकाने हिशेबात धरावे.

काळ्या जमिनीचा वाटा

अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार हा बालाघाटच्या पठाराचा भाग. माळावरची मुरमाड जमीन गुलाबास निचऱ्याच्या दृष्टीने चांगली, पण उन्हाळ्यात तिच्यात ओल टिकत नाही. खोलगटातील भारी काळी जमीन याच्या उलट. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते आणि मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांबरोबर मुळ्या ताणून तुटतात. अशा रीतीने एकाच झाडाची मुळे वर्षातून दोन वेळा जखमी होतात. त्यात अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण अधिक असल्याने नवी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. ती लोहाची कमतरता होय. असे झाड जखम भरून काढू शकत नाही आणि एरवी खुंटापाशी थांबणारी बुरशी त्यात बुडापर्यंत उतरते.

लागवडीआधी जमीन पारखण्याची सोपी रीत अशी. दीड फूट खोल व तेवढाच रुंद खड्डा घेऊन पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी चोवीस तासांनंतरही खड्ड्यात उभे असेल तर तेथे सपाट जमिनीवर गुलाब लावू नये. लावावयाचाच असेल तर फूटभर उंचीचे गादीवाफे करावेत, दोन वाफ्यांमधील सरीचे पाणी प्लॉटबाहेर नेणारा चर आधी काढावा आणि नंतरच रोपे आणावीत. उभ्या बागेतही उशीर झालेला नसतो. ओळींमधून दीड-दोन फूट खोल चर उताराच्या दिशेने काढला तर पुढील पावसाळ्यातच फरक दिसतो. वर सांगितलेल्या प्लॉटमध्ये उरलेली झाडे वाचली ती माझ्या फवारणीने नव्हे, तर त्यांनी नंतर स्वतः काढलेल्या तीन चरांमुळे.

ठिबक असलेल्या बागेत वेगळी चूक आढळते. ठिबक आहे म्हणून रोज पाणी सोडले जाते आणि काळी जमीन कायम गच्च राहते. खुरप्याने चार बोटे माती उकरून मूठभर घ्यावी. दाबल्यावर गोळा होऊन हाताला चिखल लागत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

लोहाच्या कमतरतेसाठी फेरस सल्फेट ५० ग्रॅम व एक-दोन लिंबांचा रस १० लिटर पाण्यात मिसळून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे.

वाळवीचा उपद्रव हलक्या जमिनीत अधिक असतो. खोडावर मातीचा थर आणि आतून पोखरलेले लाकूड यावरून ती ओळखू येते. कच्चे शेणखत हे तिचे मुख्य आमंत्रण आहे. जुन्या पुस्तिकांत यासाठी बीएचसी भुकटी सांगितलेली असते. तिच्यावर देशात १९९७ पासून बंदी आहे. कोळ्यांसाठी सांगितलेले डायकोफॉल व भुरीसाठी सांगितलेले डिनोकॅप यांवरही २०२३ च्या आदेशाने बंदी आलेली आहे. घरात जपून ठेवलेल्या पुस्तिका वाचताना हे ध्यानात ठेवावे. फांद्यांवर तपकिरी खपलीसारखी बसणारी खवले कीड जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खरवडून काढता येते. परसबागेत एवढे पुरे होते.

छाटणी केव्हा व कशी करावी

मराठवाड्यात मुख्य छाटणी पाऊस पूर्णपणे थांबल्यानंतर, सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. छाटणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी फुले सुरू होतात, म्हणून दिवाळी किंवा लग्नाची तिथी धरून मागे मोजण्याची पद्धत आहे. ही पद्धत चांगली आहे, परंतु परतीचा पाऊस तिथी पाहत नाही. आकाश भरून आलेले असेल तर छाटणी आठ-दहा दिवस पुढे ढकलावी. आठ दिवसांच्या फुलांचा दर गेला तरी चालेल, झाड राहिले पाहिजे. ज्यांचा प्लॉट मोठा आहे त्यांनी सर्व झाडे एकाच दिवशी न छाटता दोन-तीन टप्प्यांत छाटावीत. त्यामुळे एका पावसाने सगळीच टोके ओली होण्याचा धोका राहत नाही, आणि फुलेही एकदम बाजारात येत नाहीत.

प्रथम वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या व काडीसारख्या बारीक फांद्या बुडातून काढाव्यात. चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या दीड ते दोन फूट उंचीवर, बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या वर कापाव्यात. काप डोळ्याच्या वर पाव इंचावर आणि डोळ्याच्या विरुद्ध बाजूस उतरता असावा, म्हणजे पाणी डोळ्यावर न साचता मागे ओघळते. काप फार वर घेतला तर खुंट वाळतो, फार जवळ घेतला तर डोळाच मरतो. फांदीमर असलेल्या फांदीच्या बाबतीत उंचीचा नियम बाजूस ठेवावा. गाभा सर्व बाजूंनी पांढरा दिसेपर्यंत खाली यावे आणि त्याखाली आणखी एक डोळा सोडून काप घ्यावा. फांदी वीतभरच उरली तरी हरकत नाही. फांदी बुडापर्यंत तपकिरी असेल तर ती जोडापासून पूर्ण काढावी, अर्धी ठेवण्याचा मोह करू नये.

सिकेटरची धार हा खर्च नव्हे, बचत आहे. बोथट सिकेटर फांदी कापत नाही, चेचते, आणि चेचलेली जागा भरून येत नाही. रोगट झाड छाटल्यानंतर पुढील झाडाला हात लावण्यापूर्वी सिकेटरची पाती स्पिरिटमध्ये भिजविलेल्या फडक्याने पुसावीत. आधी निरोगी ओळी छाटाव्यात आणि रोगट झाडे सर्वांत शेवटी घ्यावीत, म्हणजे हे काम निम्म्याने कमी होते.

छाटणीपूर्वी पाणी तोडून, मुळे उघडी करून आठ-दहा दिवस ताण देण्याची जुनी रीत आपल्याकडे आहे. निरोगी व जोमदार बागेत अनुभवी शेतकऱ्याने ती करावी. फांदीमर असलेल्या बागेत मात्र ती मुळीच करू नये. आधीच मुळे अपुरी असलेल्या झाडाची उरलेली मुळेही उन्हात पडतात.

कापाला मलम

छाटणीनंतर त्याच दिवशी, जाड फांद्यांच्या कापांना बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवावे. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात विरवून गाळून घ्यावा. दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळावीत. लोखंडी किंवा पितळी भांडे वापरू नये. तयार मलमात घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी वाढवावी. मलम त्याच दिवशी संपेल एवढेच करावे, शिळ्या मलमाचा गुण जातो.

जुन्या पुस्तकांत चौबटिया मलमाचाही उल्लेख आढळतो. ते कॉपर कार्बोनेट, शेंदूर व जवसाचे तेल यांपासून करीत. शेंदूर हे शिशाचे संयुग असून विषारी आहे. घरात लहान मुले असताना ते हाताळण्याचे काहीच कारण नाही, बोर्डो मलम पुरेसे आहे. काही भगिनी कापाला शेण-माती लावतात. जाड कापावर ती टिकत नाही आणि ओल धरून ठेवते. त्यापेक्षा काहीही न लावता स्वच्छ, कोरड्या हवेत काप उघडा ठेवणे बरे.

फवारणीचे स्थान

छाटणी व मलम झाल्यानंतर कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ते ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात मिसळून सर्व फांद्या भिजतील अशी एक फवारणी करावी. तिचा उपयोग नव्या जखमांचे रक्षण करण्यापुरता आहे. लाकडात शिरलेली बुरशी तिने मरत नाही. कोवळी फूट आल्यावर, विशेषतः ढगाळ, ओलसर हवेत, तांब्याची औषधे वारंवार मारू नयेत, कोवळी पाने भाजतात. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांचा रोग येऊन पानगळ होते. तिच्याकडे फांदीमरीच्या दृष्टीनेही लक्ष द्यावे, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाने गळालेले झाड ऑक्टोबरची छाटणी सोसत नाही. कोणतेही औषध घेताना त्याच्या लेबलावर गुलाबाचा उल्लेख आहे किंवा नाही ते वाचावे. गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी फुले घेतली जाणाऱ्या देशी गुलाबावर रासायनिक फवारणी करूच नये.

मुळांच्या कुजीसाठी चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून, आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून, मग आळ्यात द्यावी. ती दिल्यावर आळ्यात कार्बेन्डाझिमचे द्रावण ओतू नये. दोन्ही एकदम दिली तर दुसरे पहिलीला मारते. एकाच प्लॉटमध्ये दोन दुकानांतून दोन सल्ले घेतले की असे घडते. नत्राचे खतही छाटणीबरोबर न देता नवी फूट दोन इंचांची झाल्यावर द्यावे, आणि बेताने द्यावे. युरियाने लुसलुशीत झालेली फांदी दिसते चांगली, पण टिकत नाही.

कोणती झाडे ठेवावीत?

डोळा भरलेल्या जागेच्या वर निदान वीतभर निरोगी लाकूड असेल तर झाड राखावे. तपकिरी रेघ डोळा भरलेल्या जागेपर्यंत पोचली असेल तर झाड समूळ काढावे. अशा झाडाच्या बुडातून पुष्कळदा जोमदार फूट येते आणि झाड सावरले असे वाटते. ती खुंटाची, म्हणजे रानगुलाबाची फूट असते. गुलाब गावठी झाला अशी जी तक्रार येते ती याचीच. पाने मोजत बसण्यापेक्षा माती बाजूस करून फूट जोडाच्या वरून आली की खालून, ते पाहावे. खालून आली असेल तर ती बुडापासून ओढून काढावी, वरून कापू नये.

काढलेल्या झाडाच्या जागी लगेच नवे रोप लावल्यास ते अनेकदा खुरटे राहते. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातील माती बाहेर काढून उन्हाळाभर तापू द्यावी आणि जूनमध्ये शेताच्या दुसऱ्या भागातील माती व कुजलेले खत भरून लागवड करावी.

वाण निवडताना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिवळे व दुरंगी गुलाब मनाला भुलवितात, पण काळे ठिपके व फांदीमर त्यांच्यात सर्वसाधारणपणे अधिक दिसते. याचे मूळ दूर आहे. १९०० साली फ्रान्समधील पर्ने-दुशे या गुलाबतज्ज्ञाने पर्शियन यलो या पिवळ्या गुलाबाच्या संकरातून सोलेय दोर हा वाण बाजारात आणला. आजच्या बागेतील पिवळा रंग बहुतांशी त्या वंशातून आला, आणि रंगाबरोबर नाजूकपणाही आला. परसबागेत पिवळा गुलाब हौसेने जरूर लावावा. विक्रीच्या प्लॉटमध्ये मात्र ग्लॅडिएटरसारखा परिचित लाल वाणच मुख्य ठेवावा आणि पिवळ्याची एखादी ओळ, तीही सर्वांत उंच वाफ्यावर असावी.

छाटणी पूर्ण झाल्यावर ज्या ज्या फांदीत रोग आढळला होता, तिला कापाच्या चार बोटे खाली रंगीत दोरा बांधून ठेवावा. पंधरा दिवसांनी तेवढ्याच फांद्या पाहाव्यात. दोऱ्याच्या वरील डोळा फुटला असेल तर दोरा सोडावा. काळेपणा दोऱ्यापर्यंत उतरला असेल तर फांदी तेथून आणखी खाली कापावी, आणि त्याच दिवशी त्या झाडाच्या बुडाशी खुरप्याने उकरून मुळी पाहावी.